एका खड्याने काय होतं?

एका खड्याने काहीही होत नाही. हे आधीच मान्य करून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो. जिथे हजारो दगड आहेत तिथून अंगठ्याएवढा एक दगड कुणी पर्समध्ये टाकला तर त्या जागेला काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी येणाऱ्या माणसाला काही कमी झाल्यासारखं वाटत नाही. फोटो तितकेच छान येतात. तरीही तो दगड उचलू नये असं मला वाटतं. का वाटतं, हे शोधायला बसले तेव्हा माझी नेहमीची उत्तरं एकेक करून निकामी झाली. शेवटी जे उरलं ते इथे मांडते आहे.

आधी जागा सांगते. पर्थ शहरातून उत्तरेला समुद्राच्या बाजूने एक रस्ता जातो, त्याचं नावच इंडियन ओशन ड्राइव्ह. साधारण दोनशे किलोमीटर गेलं की सर्व्हान्टिस नावाचं कोळ्यांचं छोटं गाव लागतं. १८४४ साली या किनाऱ्याजवळ देवमाशांची शिकार करणारं एक अमेरिकन जहाज फुटलं. जहाजाचं नाव 'डॉन किहोटे' लिहिणाऱ्या स्पॅनिश लेखकावरून ठेवलेलं होतं, आणि गावाला नाव मिळालं जहाजावरून. या गावाच्या थोडं अलीकडे नाम्बंग नॅशनल पार्क आहे आणि त्याच्या आत पिनॅकल्स. पिवळ्या वाळूतून वर आलेले चुनखडीचे हजारो खांब. काही गुडघ्याएवढे, काही माणसाहून उंच, साडेतीन मीटरपर्यंत. मधून चारेक किलोमीटरचा कच्चा रस्ता वळणं घेत जातो, त्यावरून आपली साधी गाडीही जाते. सकाळी पर्थहून निघून संध्याकाळी परत येता येतं, त्यामुळे घरी पाहुणे आले की सगळे त्यांना इथे घेऊन जातात.

याला वाळवंट म्हणतात, पण खरं तर हे वाळवंट नाही. हिवाळ्यात इथे चांगला पाऊस पडतो, आजूबाजूला खुरटी झुडपं आहेत आणि वसंतात ती फुलांनी भरून जातात. खांबांची गोष्टसुद्धा पाण्यापासूनच सुरू होते. समुद्रातल्या शिंपल्यांचा चुरा लाटांनी किनाऱ्यावर आणला, वाऱ्याने तो आत नेऊन त्याच्या टेकड्या केल्या. पावसाच्या पाण्यात त्यातला चुना विरघळला, खाली झिरपला आणि वाळूचे कण एकमेकांना चिकटून दगड झाला. मग मऊ भाग झिजला, सुटी वाळू वाऱ्याने नेली आणि कठीण भाग उभा राहिला. त्यात झाडांच्या मुळांचा वाटा किती, यावर भूवैज्ञानिकांची वेगवेगळी मतं आहेत. पण मूळ माल शिंपल्यांचा, यावर वाद नाही.

हे सगळं मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे चुनाच की हा." आमच्या राजापूर तालुक्यातल्या घराच्या जुन्या भिंतींत शिंपले भाजून केलेला चुना आहे. तिला हे खांब परके वाटायचं काही कारणच नव्हतं. थोडा वेळ बघून म्हणाली, पालखीची वाट बघत उभे राहिल्यासारखे दिसतात.

बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. साडी, त्यावर माझं जॅकेट आणि पायात माझे जुने स्पोर्ट्स शूज. एका खांबापाशी ती वाकली, पायथ्याशी पडलेला एक तुकडा उचलला, फुंकर मारून वाळू झटकली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

"आई, इथून काही न्यायचं नसतं."

"का? कमी पडेल?"

"नियम आहे."

"नियम आहे ते कळलं. का आहे ते विचारतेय."

मग तिने कारण सांगितलं. बाबांनी तरुणपणी नर्मदेतून एक बाण आणला होता, तो आमच्या देव्हाऱ्यात आहे. त्याच्या शेजारी हा ठेवायचा. "तू कुठे राहतेस ते मला रोज दिसायला नको का काही?" आणि मी काही बोलायच्या आत, "तुम्ही लोक डोंगरच्या डोंगर गाड्यांत भरून पाठवता. मी एक खडा घेतला तर नियम?"

हा टोला मलाच होता. माझं काम लोहखनिजाच्या मालगाड्यांचं वेळापत्रक लावणाऱ्या सॉफ्टवेअरचं आहे. एकेक गाडी दोन किलोमीटरहून लांब असते. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातून दरवर्षी ८० कोटी टनांहून जास्त लोहखनिज जहाजांनी बाहेर जातं. त्या आकड्यापुढे आईचा खडा म्हणजे काय?

तिने तो परत ठेवला. "तू म्हणतेस म्हणून," असंही म्हणाली. म्हणजे तिला पटलं नव्हतं. आणि मला तेव्हा 'नियम आहे' यापलीकडे काही सांगता आलं नव्हतं.

*

पहिलं उत्तर नुकसानीचं. दगड नेला तर जागेची हानी होते. ऐकायला बरोबर वाटतं, पण पिनॅकल्समध्ये उभं राहून हे म्हणणं अवघड आहे. तिथला वारा रोज वाळू हलवतो. काही खांब हळूहळू उघडे पडतात, काही झाकले जातात, सगळेच झिजत असतात. वाऱ्या-पावसाने या दगडांचं जेवढं काही केलं आहे, त्यापुढे पर्यटकांच्या खिशांची बातच नको. ही जागा झिजूनच तयार झाली आहे. आईने उचललेला तुकडा खांबाचा तोडलेला नव्हता, आधीच गळून पडलेला होता. तेव्हा 'तुझ्यामुळे नुकसान होईल' असं मी तिला म्हणाले असते तर ते खोटं ठरलं असतं. माणसाला चांगलं वागायला लावण्यासाठी खोटं कारण देणं मला पटत नाही. खोटं कारण कधी ना कधी उघडं पडतं आणि जाताना खरी कारणंही सोबत घेऊन जातं.

दुसरं उत्तर 'सगळ्यांनी असं केलं तर?' हे आपल्या प्रत्येकाला लहानपणी कुणीतरी विचारलेलं असतं. याच्या मागे एक फार जुनं कोडं आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मिलेटस गावच्या युब्युलिडीसच्या नावावर ते सांगितलं जातं. वाळूचा ढीग आहे. त्यातून एक कण काढला. ढीग उरला ना? उरला. अजून एक काढला. उरलाच. असं करत करत एकच कण उरेल, आणि ढीग नेमका कुठल्या कणाला संपला हे कुणालाच सांगता येणार नाही. आपली 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण हेच उलट बाजूने सांगते. एकेका थेंबाला तळं म्हणता येत नाही, पण तळं तर असतं.

डेरेक पारफिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८४ साली 'रीझन्स अँड पर्सन्स' या पुस्तकात या कोड्याची नैतिक बाजू मांडली. त्याचं उदाहरण अंगावर येणारं आहे. समजा हजार माणसं हजार कैद्यांचा छळ करताहेत. प्रत्येक जण एक बटण दाबतो. एका बटणाने कुठल्याही एका कैद्याची वेदना इतकी किंचित वाढते की त्याला फरक जाणवतही नाही. पण हजार बटणं मिळून वेदना असह्य होते. यात 'मी काहीच केलं नाही' असं प्रत्येक जण म्हणू शकतो का? पारफिटचं म्हणणं असं, की माझ्या एकट्या कृतीचा परिणाम जाणवण्यापलीकडचा लहान असला तरी, ज्या अनेक कृती मिळून नुकसान करतात त्यांपैकी ती एक असेल तर ती चुकीची असू शकते. प्रदूषण, मतदान, रस्त्यावरचा कचरा, व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेली अफवा, सगळीकडे हे लागू होतं. मला हा युक्तिवाद मजबूत वाटतो.

पण दगडाच्या बाबतीत त्याला एक अट आहे. बाकीचेही नेत असले पाहिजेत. कुणीच नेत नसेल तर आईचा खडा कुठल्याही हजार बटणांतलं बटण नाही. मग ती म्हणेल, सगळे नियम पाळताहेत ना, मग माझ्या एकटीने काय होतंय? आणि सगळेच नेत असतील तर म्हणेल, सगळे नेताहेत, मी एकटीने सोडून काय होणार? दोन्हीकडून तिचाच डाव.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं नॅशनल पार्क आहे. वीस कोटी वर्षांहून जुनी झाडं तिथे दगड होऊन पडली आहेत, रंगीत स्फटिकांसारखी. लोक त्याचे तुकडे उचलतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे एक प्रयोग केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. वाटांवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि वेगवेगळ्या पाट्या लावल्या. एका पाटीचा आशय असा, की आजवर अनेक लोकांनी इथले तुकडे नेल्यामुळे जंगलाचं रूप बदललं आहे. दुसरीवर सरळ विनंती, की तुकडे नेऊ नका. पहिल्या पाटीच्या वेळी ७.९२ टक्के तुकडे गेले, दुसऱ्या पाटीच्या वेळी १.६७ टक्के. म्हणजे 'सगळे असं करतात, बघा किती वाईट' हे सांगणं लोकांनी 'सगळे असं करतात' एवढंच ऐकलं.

याच पार्कची दुसरी गोष्ट त्याहून गमतीची आहे. वर्षाला टनावारी तुकडे चोरीला जातात, असं तिथे अनेक दशकं सांगितलं जायचं. पुढे जुने फोटो घेऊन त्याच जागा पुन्हा पाहिल्या गेल्या, तेव्हा बहुतेक ठिकाणी दगड होते तिथेच पडलेले दिसले. जंगल संपत चाललेलं नव्हतं. लोकांना भीती घालायला सांगितलेलं नुकसान प्रत्यक्षापेक्षा बरंच फुगवलेलं होतं.

मग नुकसान एवढं नसेल, तर न्यायला हरकत नाही का? इथे माझं दुसरं उत्तरही अर्धवट पडलं.

*

तिसरं उत्तर कायद्याचं. कायदा आहे म्हणून पाळायचा. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात राहून हे म्हणताना जीभ अडखळते. २४ मे २०२० रोजी पिलबारा भागात जूकन गॉर्ज इथल्या दोन शैलगुहा रिओ टिंटो कंपनीने खाणीसाठी सुरुंग लावून उडवल्या. तिथे ४६ हजार वर्षांपासून माणसाच्या वावराचे पुरावे होते. केसांच्या वेणीचा सुमारे चार हजार वर्षं जुना पट्टा तिथे सापडला होता आणि त्यातला डीएनए आज हयात असलेल्या तिथल्या मूळ रहिवाशांशी, पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांशी, जुळला होता. त्या लोकांचा विरोध होता. पण राज्याच्या १९७२च्या कायद्याखाली कंपनीकडे परवानगी होती. पुढे जगभर ओरड झाली, चौकशी झाली, कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांना जावं लागलं. पण ज्या दिवशी स्फोट झाला त्या दिवशी तो कायदेशीर होता.

म्हणजे खडा उचलणं बेकायदा आणि ४६ हजार वर्षं उडवणं कायदेशीर. आईचा टोला नेमका इथे बसतो. कायदा पाळावा, यात वाद नाही. पण कायदा हे 'का'चं उत्तर होऊ शकत नाही. 'का' ठरवल्यावर मग कायदा कुठे बरोबर आहे आणि कुठे नाही ते कळतं.

*

मला वाट सापडली ती पेट्रिफाइड फॉरेस्टच्याच एका ढिगाजवळ. तिथून नेलेले तुकडे लोक पोस्टाने परत पाठवतात. सोबत पत्रं असतात. हे दगड नेल्यापासून घरात आजारपण आलं, नोकरी गेली, माफ करा. काहींत नशिबाचं काही नसतं, नुसती टोचणी असते. उलुरूला, ऑस्ट्रेलियाच्या मधोमध असलेल्या त्या मोठ्या तांबड्या खडकापाशीही अशी पार्सलं येतात. त्या दगडांना 'सॉरी रॉक्स' असंच नाव पडलं आहे. ॲरिझोनात परत आलेले दगड एका आडरस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवलेले आहेत, त्याला म्हणतात सद्सद्विवेकाचा ढीग.

ते जंगलात परत का ठेवत नाहीत? कारण नेमके कुठून उचलले ते कुणालाच ठाऊक नाही. चुकीच्या जागी ठेवले तर त्या जागेबद्दलची माहितीच खोटी होईल. तुकडा तोच आहे, वजन तेवढंच आहे, पार्कच्या हद्दीत परतही आला आहे. पण त्याची जागा गेली, आणि ती परत करता येत नाही.

मला वाटतं, नुकसान मोजताना आपण वस्तू मोजतो. किती दगड होते, किती उरले. पण दगड उचलताना वस्तूसोबत एक नातं तुटतं, कशाच्या शेजारी, कशाच्या खाली, कुणाच्या जमिनीवर. हे नातं वजनात मोजता येत नाही, म्हणून हिशोबात येतच नाही. आणि ज्या हिशोबात ते येत नाही त्या हिशोबाने आईचा खडाही माफ होतो आणि जूकन गॉर्जही. कागदावर सगळं जुळलेलं होतं म्हणूनच तर तो सुरुंग लागला.

पण मग कुठलाच दगड कुठूनच उचलायचा नाही का? असं म्हणणं मला जमणार नाही. आमचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं आहे. तो चिरा सड्यावरच्या खाणीतून कापून आणलेला आहे. बाबांचा बाण नर्मदेतून आणलेला आहे. आपल्याकडे दगड घरी आणणं हा चोरटेपणा नाही, उलट पुण्याचं काम आहे. गंडकीतला शाळिग्राम, नर्मदेतला बाण, शोण नदीतला गणपतीचा तांबडा दगड, पंचायतनातले देव असे नद्यांतूनच घरात आले. आईचा हात पर्यटकाचा नव्हता. त्या हाताला शेकडो वर्षांची सवय होती.

म्हणून मी या घेण्यांकडे नीट पाहिलं. चिरा घेताना जमीन कुणाची ते माहीत असतं, पैसे मोजलेले असतात, आणि त्या चिऱ्याच्या आडोशाला तीन पिढ्या राहतात. त्यातही मर्यादा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली कातळशिल्पं आहेत, २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. चिरेखाण त्यांच्यावरून गेली तर तोच चिरा वेगळा होतो. दगड तोच, जागा वेगळी.

बाण घेताना वेगळंच काहीतरी होतं. तो आणला की रोज पाणी घालावं लागतं. गावाला जायचं तर शेजारी कुणाला तरी सांगून जावं लागतं. पुढे करणारं कुणी उरलं नाही तर नदीत सोडावा लागतो. म्हणजे घेणाऱ्यावर कर्ज चढतं, आणि फेडता येत नसेल तर परत करायची वाटही ठरलेली असते. नदी दगड घडवतच असते, ती परतही घेते.

आणि तिसरी गोष्ट न घेण्याची. आमच्या गावी देवरहाटी आहे. घाटावर जिला देवराई म्हणतात तीच. शाळेत असताना चुलीसाठी काटक्या आणायला जायचो तेव्हा देवरहाटीच्या कडेने जायचो. आत ढीगभर वाळलेली लाकडं पडलेली असायची. त्यातली काटकीही कुणी आणायचं नाही. एका काटकीने रान संपत नाही, हे गावातल्या प्रत्येकाला कळत होतं. तरीही तो प्रश्न तिथे विचारायचा नसे. बाकी सगळीकडे विचारायचा. किती सरपण लागेल, किती उरेल, कुणाचा वाटा किती. एका तुकड्यापुरता हिशोब बंद. मला वाटतं देवरहाटीचं खरं शहाणपण झाडं वाचवण्यापेक्षाही यात होतं. ज्या माणसाला प्रत्येक जागी 'माझ्या एवढ्याशाने काय होतंय' असं विचारायची मुभा आहे, तो कुठेच थांबत नाही. गावाने एक जागा अशी ठेवली की जिथे तो थांबायला शिकेल.

या तिन्ही गोष्टींत एक समान धागा आहे. घ्यायचं की नाही हे घेणारा एकटा ठरवत नाही. चिऱ्याला मालक आहे, बाणाला विधी आहे, देवरहाटीला गाव आहे. कुणाला तरी विचारलेलं असतं, आणि त्या बदल्यात काहीतरी देणं लागतं. पिनॅकल्सच्या वाळूत आई वाकली तेव्हा विचारायला तिथे कुणी नव्हतं. ती भूमी युएड लोकांची, नुंगार समाजातल्या एका गटाची. 'नाम्बंग' हा शब्द त्यांच्याच भाषेतला, वाकड्या वळणाची नदी असा त्याचा अर्थ. इंग्रजांची स्वान रिव्हर वसाहत १८२९ साली झाली, नॅशनल पार्क त्याच्याही कितीतरी नंतरचं. मी इथे पगार घेते, भाडं भरते. पण तो खडा 'घे' असं म्हणण्याचा हक्क माझ्याकडे नव्हता. इथून काही उचलायचं तर ज्यांना विचारायला हवं ते आमच्या ओळखीचेही नव्हते. ज्याला विचारता येत नाही त्याचं घेऊ नये, हे आईनेच मला शिकवलेलं आहे. शेजारी गावाला गेलेले असताना त्यांच्या परड्यातली लिंबंसुद्धा ती काढू देत नसे. ती तर गळून पडणारच होती.

*

यावर दोन आक्षेप मला स्वतःलाच सुचतात.

पहिला, ही पोट भरलेल्यांची नीती आहे. खरं आहे. ज्याला भिंत बांधायची आहे त्याला दगडाच्या जागेचं तत्त्वज्ञान सांगू नये. म्हणूनच मी चिरा आणि खडा वेगळे धरते. पण मग गरजेचं नाव घेऊन सगळ्यात जास्त कोण नेतं, हेही बघावं लागतं. आईचा प्रश्न, की डोंगर नेणाऱ्यांना कोण विचारतं, हा तिच्या खड्याचा बचाव होऊ शकत नाही. एकाने मोठं घेतलं म्हणून दुसऱ्याचं लहान घेणं योग्य ठरत नाही. पण प्रश्न म्हणून तो पूर्ण खरा आहे आणि तो माझ्या पगारापर्यंत येतो. खडा आणि डोंगर यांना एकच माप लावायचं असेल तर ते मापही विचारून घेण्याचंच आहे. कुणाला विचारलं, त्यांना नाही म्हणता येत होतं का, आणि बदल्यात काय देणं मान्य केलं? या मापाने खडा थोडासा चुकतो आणि डोंगर खूप जास्त चुकू शकतो. लहान हाताला नियम आणि मोठ्या हाताला परवाना, ही सध्याची रीत या मापात बसत नाही.

दुसरा आक्षेप, देवरहाटीचं मी गोड चित्र काढते आहे. तेही खरं आहे. अनेक गावांत देवळाच्या जीर्णोद्धारासाठी देवरायाच तोडल्या गेल्या. देवाची झाडं देवाच्याच कामाला, असं म्हणून. जिथे हिशोब बंद होता तिथे तो पुन्हा सुरू झाला आणि एकदा सुरू झाल्यावर थांबला नाही. पण यावरून मला उलटंच दिसतं. राई टिकते ती शेवटच्या झाडाच्या वेळी घेतलेल्या निर्णयाने नाही. ती टिकते पहिल्या काटकीच्या वेळी. काटकी आणि राई यांच्यामध्ये नेमकी रेघ कुठे, हे युब्युलिडीसलाही सांगता आलं नव्हतं. म्हणून गावाने रेघ अगदी अलीकडे, काटकीच्याही आधी ओढली.

एवढ्यावर माझं समाधान होतं. पण तत्त्व बरोबर असलं तरी त्याची किंमत कुणीतरी भरलेली असते. इथे ती एका बाईने भरली, जिला आपली मुलगी कुठे राहते ते देव्हाऱ्यात रोज बघायचं होतं. 'इथून दगड नेऊ नये' हे म्हणताना तिची ती गरजही क्षुल्लक ठरवायची, असं आपण नकळत करतो. पर्यटनस्थळावरच्या प्रत्येक 'नाही'च्या मागे आपण समोरचा माणूस हावरा किंवा अडाणी आहे असं धरून चालतो. बहुतेक वेळा तो तसा नसतो. त्याला आठवण हवी असते, पुरावा हवा असतो, दूर गेलेल्या कुणाचं तरी काहीतरी हातात धरायचं असतं.

ती गरज दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वस्तूने भागवू नये, एवढंच माझं म्हणणं. मग ती कशाने भागवायची याचं उत्तर माझ्यावर येतं. जे माझं आहे तेच मी तिला देऊ शकते. वर्षातून एकदा घरी जाणं, रविवारचा फोन घड्याळाकडे न बघता करणं, आणि देव्हाऱ्यातल्या त्या बाणाला तिच्यानंतर पाणी कोण घालणार या तिच्या प्रश्नावर विषय न बदलता बसणं. हे खड्यापेक्षा महाग आहे. आणि त्यासाठी मला कुणाची परवानगी लागत नाही.